प्रतीक कोणाचे? : ‘टू द लाइटहाउस’चा अन्वयार्थ

आधुनिकतावादी कादंबरीतील प्रतीकाचा अर्थ लावणे म्हणजे कोडे सोडविणे, अशी समजूत समीक्षेत व अध्यापनात बरीच रूढ आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ‘टू द लाइटहाउस’ (१९२७) या कादंबरीतील दीपगृह म्हणजे शाश्वत सत्य, मिसेस रॅम्से म्हणजे आदिमाता, मिस्टर रॅम्से म्हणजे शुष्क बुद्धी, अशी समीकरणे मांडली जातात. या समीकरणांत पात्र आणि प्रतीक दोहोंचेही जिवंतपण हरवते.

दीपगृहाने काही विशिष्ट सुचवायचे नव्हते, रचना सांधून धरणारी एक मध्यरेषा हवी होती, असे वुल्फ यांनी मे १९२७मध्ये रॉजर फ्राय यांना पत्रातून कळविले होते. लेखकाचे म्हणणे हा अर्थनिर्णयाचा अंतिम पुरावा नव्हे, हे मान्यच आहे. परंतु कादंबरीची संहिताही त्याच दिशेने बोलते.

पहिल्या भागातील मुलांच्या खोलीचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भिंतीवरील डुकराच्या कवटीने कॅमला झोप लागत नाही. जेम्सला मात्र ती काढलेली चालत नाही. मिसेस रॅम्से स्वतःची शाल कवटीभोवती गुंडाळतात. कॅमला त्या सांगतात, हे पक्ष्याचे घरटे आहे, हा डोंगर आहे. जेम्सला सांगतात, कवटी आत जशीच्या तशी आहे. वस्तू एक, अर्थ दोन, आणि दोन्ही खरे. ‘टाइम पासेस’ या दुसऱ्या भागात मिसेस रॅम्से यांचा मृत्यू कंसातील एका वाक्यात उरकला जातो आणि निर्मनुष्य घरात त्या शालीची घडी हळूहळू सुटू लागते. प्रतीकाला अर्थ देणारी व्यक्ती गेली की प्रतीकही सैल पडते.

दीपगृहाचेही तसेच आहे. त्याच्या प्रकाशाचा तिसरा, दीर्घ झोत मिसेस रॅम्से यांना आपलाच वाटतो. त्या तंद्रीत एक तयार धार्मिक वाक्य त्यांच्या मनात उमटते आणि आपल्याला मान्य नसलेले आपण कसे बोललो, म्हणून त्या चिडतात. प्रतीकावर लादलेला आयता अर्थ येथे पात्रच नाकारते. दहा वर्षांनंतर जेम्सला नावेतून काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा उघडाबोडका मनोरा दिसतो. बालपणीचा धूसर, रुपेरी मनोरा त्यामुळे खोटा ठरत नाही.

मिसेस रॅम्से यांना आदिमाता ठरविण्यात सर्वांत मोठी हानी आहे. इतरांची लग्ने जुळविण्याचा त्यांचा हट्ट, त्यांचे सत्ता गाजविणे त्या प्रतिमेत मावत नाही. लिली ब्रिस्कोला त्यांच्याविषयी ओढ आहे. परंतु त्यांनी जुळविलेला पॉल आणि मिंटा यांचा विवाह फसला आणि आपण अविवाहित राहिलो, याचा सूक्ष्म विजयानंदही तिला होतो. तिच्या चित्रात माता व मूल यांच्या जागी जांभळा त्रिकोण येतो. त्यात भक्तीही नाही आणि अवमानही नाही. मातृत्वाच्या रूढ प्रतिमेखालून एक स्त्री सोडवून घेण्याचा तो प्रयत्न आहे. समीकरणवादी वाचन त्या स्त्रीला पुन्हा त्याच प्रतिमेत कोंडते.

म्हणून आधुनिकतावादी कादंबरीत ‘हे कशाचे प्रतीक आहे?’ या प्रश्नाआधी ‘हे कोणाला, केव्हा आणि कोणत्या गरजेपोटी प्रतीक वाटते?’ हा प्रश्न विचारावा लागतो. प्रतीक हा पात्र आणि वस्तू यांच्यातील संबंध आहे. तो काळानुसार बदलतो. लिली अखेरीस चित्राच्या मध्यभागी एक रेषा ओढते. त्या रेषेचा अर्थ कादंबरी सांगत नाही. चित्र पूर्ण झाले, एवढेच सांगते.