आधी पान दिसावं, मग प्राणी

पोकेमॉनच्या कार्डांवरची चित्रकला आज कुठे पोचली आहे हे पाहायचं, तर आग ओकणाऱ्या चारिझार्डला बाजूला ठेवून हिरव्या पानाचं चिन्ह असलेली कार्डं हातात घ्यावीत. चारिझार्डचं चित्र त्याच्या किमतीखाली दबून गेलं आहे. १९९९च्या पहिल्या इंग्रजी संचातले चारिझार्ड आणि वीनसॉर दोन्ही मित्सुहिरो आरिता यांनीच रंगवले. त्यातल्या चारिझार्डची पहिल्या आवृत्तीची एक निर्दोष प्रत मार्च २०२२मध्ये ४,२०,००० डॉलरला गेली. पाठीवर भलंमोठं फूल वागवणारा वीनसॉर त्या भावाच्या जवळपासही नाही. संच तोच, हात तोच. बाजार प्राण्याला पैसे मोजतो, चित्राला नाही.

हिरव्या कार्डांवर हे ओझं कमी आहे, आणि त्यांचं काम अवघड आहे. उडता प्राणी मोकळ्या आभाळात काढला तरी शोभतो. रोपटं मात्र माती, ओल आणि सावली यांच्यावाचून खोटं वाटतं. ६३ बाय ८८ मिलिमीटरच्या कार्डात जुन्या मांडणीत चित्राला जेमतेम अर्धी जागा मिळे. तेवढ्यातही युका मोरीई यांनी मातीच्या छोट्या मूर्ती घडवून त्यांचे फोटो वापरले, आसाको इतो यांनी लोकरीच्या बाहुल्या विणल्या. २०२३च्या ‘१५१’ संचातल्या काही कार्डांवर चित्र कडेपर्यंत पसरलं. त्यातला १६५पैकी १६६ असा क्रमांक छापलेला बल्बासॉर पाहा: सगळीकडे गर्द रान, आणि त्यात तो एवढासा. नजर आधी पानांवर फिरते, मग तो सापडतो. वनस्पतीचं चित्र असंच हवं.

कुणी म्हणेल, हा मुलांचा खेळ. डावात आकडे वाचतात, चित्र गोंडस असलं की पुरे. पण या प्राण्यांमागची कल्पना नुसती गोंडस नाही. वाइलप्लूम या पोकेमॉनचं जपानी नावच रॅफ्लेशिया, म्हणजे कुजक्या मांसाचा वास सोडणारं जगातलं सर्वांत मोठं फूल. पॅरस या पोकेमॉनच्या पाठीवरच्या अळंब्यांमागे अळीच्या अंगातून उगवणारी ती बुरशी आहे, जी आपल्याकडे हिमालयात कीडाजडी म्हणून गोळा करतात. इतकं निसर्गवाचन ज्यामागे आहे, त्याला शोभेचं म्हणून सोडून देणं अन्यायाचं आहे.

माझी तक्रार प्रकाशकांकडे आहे. २०२३मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातल्या पोकेमॉन प्रदर्शनासाठी तोमोकाझू कोमिया यांनी व्हॅन गॉगच्या ‘सूर्यफुलां’वरून सनफ्लोरा रंगवला. भेट म्हणून वाटायचं कार्ड मात्र निघालं करड्या हॅटमधल्या पिकाचूचं, आणि त्यासाठी एवढी झुंबड उडाली की संग्रहालयाला ते वाटणं थांबवावं लागलं. कडेपर्यंतचं चित्रही क्वचित निघणाऱ्या कार्डांपुरतंच राखलेलं आहे. ते प्रत्येक संचात एखाद्या साध्या ऑडिशलाही मिळायला हवं. आणि वाचकहो, पुढचं पाकीट फोडाल तेव्हा हिरवी कार्डं बाजूला टाकण्याआधी खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं चित्रकाराचं नाव वाचा.