वय उलटं फिरतं का? पुण्याच्या एका पेपरचं वाचन

पेपर वाचून या असं सांगितलं की आपल्यापैकी बरेच जण शेवटचा निष्कर्ष पाठ करून येतात. आज एक पेपर निष्कर्षाशी थोडं भांडत वाचू. तो पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या, म्हणजे एनसीसीएसमधल्या, डॉ. वैजयंती काळे यांच्या गटाचा आहे. २०१८ साली 'स्टेम सेल्स' या जर्नलमध्ये आला.

आधी विषय समजून घेऊ. सगळं रक्त अस्थिमज्जेतल्या मोजक्या मूळपेशींपासून बनतं. त्यांना एचएससी म्हणतात. नांदेडहून निघालेली गाडी आमच्या वारंगा फाट्यावर आली की एक तर हिंगोलीकडे जाते, नाहीतर हदगावच्या रस्त्याला लागते. एचएससीचं विभाजन झालं की प्रत्येक लेकपेशीपुढे असाच फाटा असतो: मूळपेशी म्हणून राहायचं, की रक्तपेशी व्हायच्या वाटेला लागायचं. दोघींपैकी एक मूळपेशी राहिली तर साठा टिकतो, दोन्ही राहिल्या तर वाढतो. हेच स्व-नूतनीकरण. शरीरात या निर्णयावर शेजारच्या पेशींचा, म्हणजे 'निश'चा, मोठा प्रभाव असतो. डिशमध्ये ती निश नसते. तिथे पेशींचा आकडा वाढत जातो आणि खऱ्या मूळपेशी मात्र संपत जातात.

पेपरचा प्रश्न वेगळा, पण याच घरातला आहे. वयस्कर दात्याच्या एचएससी प्रत्यारोपणानंतर नीट रुजत नाहीत. त्या डिशमध्ये सुधारता येतील का? उंदरांवर काम करून गटाने दाखवलं की म्हाताऱ्या एचएससी थोडा वेळ तरुण मेसेनकायमल पेशींच्या, म्हणजे एमएससींच्या, सहवासात ठेवल्या की त्यांची क्षमता परत येते. हे काम करतात एमएससींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका. त्यांच्यातून ऑटोफॅजीशी, म्हणजे पेशीच्या आतल्या साफसफाईशी, संबंधित एमआरएनए एचएससीत पोचतात. एमएससी म्हाताऱ्या झाल्या की त्यांच्यात एकेटी सिग्नल वाढतो. मग पुटिकांमधले हे एमआरएनए कमी होतात, आणि एक्सोझोममध्ये एमआयआर-१७ आणि एमआयआर-३४ए भरले जातात. ते एचएससीतली साफसफाई दाबतात.

पेपरची खरी ताकद पुढच्या पायरीत आहे. 'वयाबरोबर एकेटी वाढतो' एवढ्यावर गट थांबला नाही. म्हाताऱ्या एमएससींमधला एकेटी रोखून पाहिला, आणि पुटिकांमधला माल बदलला. दोन गोष्टी सोबत दिसणं वेगळं, आणि एक हलवली की दुसरी हलणं वेगळं. संशोधनात येणाऱ्याने हा फरक इथे शिकावा.

आता भांडण. पहिलं 'पुन्हा तरुण करणं' या शब्दाशी. प्रत्यारोपणात असं दिसलं की एकेटी रोखलेल्या म्हाताऱ्या एमएससींच्या पुटिका तरुण एमएससींच्या पुटिकांपेक्षाही सरस ठरल्या. वय उलटं फिरवलं असेल तर फार तर तरुणांची बरोबरी व्हायला हवी. त्यांच्या पुढे गेल्या, म्हणजे इथे घड्याळ मागे फिरलेलं नाही, एक वेगळीच स्थिती तयार झाली आहे. माझ्या मते हा पेपरमधला सगळ्यात रंजक निकाल आहे, आणि 'तारुण्य' या शब्दाखाली तो झाकला जातो.

दुसरं, मोजमापाचं. रुजणं आणि स्व-नूतनीकरण एक नाही. त्याची कसोटी अशी: पहिल्या उंदरात रुजलेल्या पेशी काढून दुसऱ्या उंदरात घालायच्या, आणि तिथेही त्या दीर्घकाळ सगळ्या प्रकारचं रक्त बनवतात का ते पाहायचं. 'क्षमता परत आली' असं कुठेही वाचलं की आधी विचारा, कोणती क्षमता, कोणत्या कसोटीवर?

तिसरं, पुटिकांसोबत आणखी काय आलं? २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये विल्किन्सन, यामाझाकी, नाकाउची आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी डिशमध्ये नव्या निशऐवजी घाण काढण्यावर भर दिला. कल्चरमधलं सीरम अल्ब्युमिन अशुद्धी आणतं, म्हणून त्याजागी गोंदात वापरतात तो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातला, थ्रॉम्बोपोएटिन जास्त ठेवलं, स्टेम सेल फॅक्टर कमी. महिन्याभरात उंदरांच्या कार्यक्षम एचएससी २३६ ते ८९९ पट वाढल्या. म्हणजे डिशमध्ये नकळत काय जातं यावर सगळं फिरू शकतं. पुटिकाही गाळून, फिरवून मिळवलेला मिश्र माल असतो. एकेटी रोखणारं औषध त्यात उरलं असेल का, हा प्रश्न हाती धरूनच पद्धतीचा भाग वाचावा.

विल्किन्सन यांच्या पेपरची एक गोष्ट मला आवडते. एकेका पेशीपासून वाढवलेल्या कल्चरमध्ये स्व-नूतनीकरणाची क्षमता खूप वेगवेगळी निघाली, हे त्यांनी सारांशातच सांगितलं. ८९९ हा आकडा मिरवताना ते वाक्य गाळणं सोपं होतं.

शेवटचं. यामुळे दात्यांची संख्या वाढू शकेल, असं पुण्याचा पेपर म्हणतो. ज्या घरात जुळणारा दाता साठीचा आहे, त्या घरासाठी हे वाक्य फार मोठं आहे, म्हणूनच ते जपून वाचायला हवं. उंदरांची कृती माणसाला जशीच्या तशी चालत नाही. २०२३ मध्ये मानवी एचएससी वाढवणारी पद्धत 'नेचर'मध्ये आली, तेव्हा सायटोकाइन काढून रसायनं घालावी लागली आणि पॉलिमरही बदलावा लागला.

एकंदर मत: यंत्रणा पटते, 'तारुण्य' हा शब्द पटत नाही, आणि दात्यांबद्दलचं वाक्य आशा म्हणून ठीक आहे. पीएचडीच्या मुलाखतीत या पेपरवर विचारलं तर निष्कर्ष सांगून थांबू नका. सरस ठरलेल्या त्या पुटिकांवर तुम्ही पुढचा कोणता प्रयोग कराल, ते सांगा.