उघडी मूठ

‘गिमी शेल्टर’ हा माहितीपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझं लक्ष गायक मिक जॅगरवर असायला हवं होतं. निदान कॅमेऱ्याची तरी तशी इच्छा होती. पण माझे डोळे अडकले बाजूला उभ्या असलेल्या कीथ रिचर्ड्सच्या पोटावर. त्याच्या गळ्यात गिटार होती आणि गिटारीतून त्याचे कपडे दिसत होते. तारा होत्या, मान होती, हात सराईतपणे फिरत होता. फक्त ज्या भागाला आपण गिटारीचं अंग म्हणतो तेवढाच कुणीतरी खोडरबरानं पुसल्यासारखा वाटत होता. मग तो जरा वळला, दिव्याचा झोत कडेवर आला आणि त्या अदृश्य अंगाभोवती एक लखलखीत रेघ उमटून गेली.

पडद्यावरचं ते दृश्य 1969 सालचं. न्यू यॉर्कचा डॅन आर्मस्ट्राँग स्टुडिओत गिटार वाजवायचा आणि लोकांच्या बिघडलेल्या गिटारी दुरुस्तही करायचा. अँप्लिफायरसाठी नावाजलेल्या अँपेग या न्यू जर्सीच्या कंपनीसाठी त्यानं ही अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकची, गिटार आखली. ती निघाली 1969 ते 1971 एवढाच काळ. पुढे अनेकांनी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या गिटारी काढल्या, अँपेगनं स्वतःही आपली जुनी गिटार पुन्हा बाजारात आणली. पण बारकाईनं वाचावी अशी गिटार ही पहिलीच.

आधी त्या रेघेविषयी. अ‍ॅक्रिलिक आपल्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे 92 टक्के आरपार सोडतं. साध्या खिडकीच्या काचेपेक्षाही हे थोडं जास्तच. पण एकदा आत शिरलेला किरण फार तिरपा गेला, तर त्याला सपाट पृष्ठभागातून बाहेर पडता येत नाही. तो आतल्या आत आपटत जातो आणि सुटतो तो कडेपाशी. म्हणून सपाट भाग नाहीसा होतो आणि कड पेटते. लाकडाच्या गिटारीला रंग देणारा कारागीर एकदाच रंग देतो. हिला प्रत्येक कार्यक्रमात दिवेवाला रंगवतो, नाहीतर वादकाचा शर्ट. काळा घातला की काळी, लाल घातला की लाल. इतकं परावलंबी सौंदर्य दुसऱ्या कुठल्या वाद्याला लाभलं असेल असं वाटत नाही.

पण मला ही गिटार आवडते ती दिसण्यामुळे कमी आणि कबुलीमुळे जास्त. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भरीव इलेक्ट्रिक गिटार ही अशीच एक झाकली मूठ. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो तो उगीच नाही. नाद तिथे घुमतो, वाढतो. भरीव इलेक्ट्रिक गिटारीत घुमायला जागाच नसते. पोलादी तार पिकअपच्या चुंबकासमोर थरथरते, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र हलतं, चुंबकाभोवती गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारेत वीज जन्मते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. तरीही अमुक झाडाचं लाकूड मधाळ, तमुक झाडाचं तडफदार, अशी चर्चा गिटारवाल्यांच्या अड्ड्यावर पहाटेपर्यंत चालते. आर्मस्ट्राँगनं मूठ उघडून दाखवली. आत काही नाही.

आणि तो तिथे थांबला नाही. त्यानं ब्रिजच्या पुढे एक खाच ठेवली आणि तीत सरकवून बसवता येतील असे पिकअप बनवून घेतले. ते काम बिल लॉरेन्सचं. रॉक, कंट्री आणि जॅझ, प्रत्येकाचा एक तीक्ष्ण आणि एक भारदस्त, असे सहा. एक काढायचा, दुसरा सरकवायचा. अंग तेच, तारा त्याच, बोटं तीच आणि आवाज मात्र वेगळा. कडक, एकजिनसी अंगामुळे सूर जास्त वेळ टिकेल, अशी या गिटारीमागची भूमिका होती. तिच्या वजनाचा सुराला काही आधार मिळतही असेल. पण निव्वळ पदार्थ म्हणून पाहिलं तर अ‍ॅक्रिलिक कंप लाकडापेक्षा जास्तच गिळतं. म्हणजे आर्मस्ट्राँग बोलला अंगाविषयी आणि त्याची खाच साक्ष देत राहिली पिकअपच्या बाजूनं. कवीला ठाऊक नसलेला अर्थ कवितेत सापडावा, तसं हे.

आता तिची किंमत मोजायची तर सुरुवात खांद्यापासून. अ‍ॅक्रिलिकची घनता पाण्याच्या जवळजवळ 1.2 पट आहे. गिटारीसाठी नेहमी वापरलं जाणारं आल्डरचं लाकूड पाण्यावर सहज तरंगतं. त्याच्या दुपटीहून जास्त भार तेवढ्याच अ‍ॅक्रिलिकचा होतो. आर्मस्ट्राँगनं अंग आखूड ठेवलं, दोन्ही बाजूंनी खोल कापलं, तरी वजन चार-साडेचार किलोंच्या आसपास राहिलंच. त्या खोल कापांमुळे हात अगदी शेवटच्या, चोविसाव्या फ्रेटपर्यंत विनासायास पोहोचतो, हे खरं सुख. पण मान जिथे अंगाला भेटते तिथे धरायला मालच कमी उरला. जे सोयीचं, तेच कमजोर.

त्यात उष्णता. अ‍ॅक्रिलिकचा 30 सेंटिमीटरचा तुकडा 20 अंशांनी तापला तर सुमारे 0.4 मिलिमीटर लांबतो. मानेचं मेपल रेषांच्या दिशेनं त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंही हलत नाही. मंचावरच्या दिव्यांत तापायचं, मग रात्रीच्या गाडीत गारठायचं, असा ज्यांचा संसार, त्यांचे स्क्रू हळूहळू कुरकुरायला लागतात. लाकडात स्क्रू रुततो, तंतू थोडे दबून जागा करून देतात. अ‍ॅक्रिलिकला हे दबणं ठाऊक नाही. ते सहन करतं, आणि मग एके दिवशी भोकापासून बारीक तडा निघतो. तोही लपत नाही, उलट तडा म्हटलं की प्रकाश आधी तिथेच धावतो.

एका मित्राकडे कुठल्याशा बिननावाच्या कारखान्यातून आलेली अशी एक नक्कल होती. मे महिन्यातल्या दादरच्या खोलीत मी ती मांडीवर घेतली. पहिले काही क्षण जराशी गार लागली, मग घामानं कोपराखालचा हात तिला चिकटला आणि प्रत्येक स्ट्रोकला सोलल्यासारखा सुटू लागला. मित्रानं कौतुकानं ती काच पुसायच्या स्पिरिटनं चकचकीत केली होती. अ‍ॅक्रिलिकला हे चालत नाही. ताणाच्या जागी अल्कोहोल लागलं की आत केसांएवढ्या भेगांचं जाळं पसरतं. त्याच्या गिटारीच्या मानेपाशी मोतीबिंदू झाला होता.

मोतीबिंदूवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची छत्रं याच अ‍ॅक्रिलिकची होती. ती फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले तुकडे डोळा निमूटपणे सोसतो, हे लंडनच्या हॅरल्ड रिडलीनं पाहिलं आणि 1949 साली मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं ते याच पदार्थाचं. डोळ्यात विनातक्रार राहणारी ही वस्तू पट्ट्याच्या बकलाला मात्र टिकत नाही. आणि तिचा सगळ्यात मोठा दोष मला इथेच दिसतो. लाकडाच्या गिटारीवर ओरखडा आला की तो तिचा इतिहास होतो. लॅकर उडालेल्या, कोपराशी झिजलेल्या जुन्या गिटारींना लोक जास्त पैसे मोजतात. नव्या गिटारी मुद्दाम घासून जुन्या करून विकणारेही आहेत. अ‍ॅक्रिलिकला म्हातारपण शोभत नाही. ओरखड्यांनी ती नुसती धुरकट होते. पॉलिश करून पुन्हा कोरी करता येते, पण मग आधी जगलेलं सगळं पुसलं जातं. तिच्यापुढे दोनच वाटा, नवं दिसणं किंवा मळकट दिसणं.

मळकटाची वाट ब्लॅक फ्लॅग या बँडच्या ग्रेग गिननं धरली. कॅलिफोर्नियाच्या हार्डकोर पंकमध्ये, घामाच्या आणि धक्काबुक्कीच्या त्या वातावरणात, वर्षानुवर्षं हीच गिटार त्याच्या गळ्यात होती. शोकेसमधली वस्तू वाटणाऱ्या गिटारीचा त्यानं हत्यारासारखा वापर केला. माझ्या मते तिच्यावर इतकं प्रेम कीथ रिचर्ड्सनंही केलं नसेल.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस दिसलीच नव्हती. या गिटारीच्या दर्शनी भागावर एक पट्टी आहे. खाली पिकअपच्या जोडण्या, बटणांची पोटं आणि वायरी. त्या झाकायला ती बसवलेली. पट्टी फॉर्मायकाची. आणि त्या फॉर्मायकावर काय छापलंय, तर लाकडाच्या रेषा. लाकूड नको म्हणून बंड करणाऱ्या, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या अंगावर लाकडाचं सोंग घेतलेलं दुसरं प्लास्टिक! हे हसण्यासारखं आहे, पण मला त्यात आर्मस्ट्राँगचा संकोचही दिसतो. सगळं उघडं करायला निघालेल्या माणसानं ऐनवेळी एक चौकट पदराखाली घेतली. ते लाकडी सोंग प्रेक्षकांच्या बाजूला. गिटार उलटी केली की काही झाकलेलं नाही. डागकाम, रंगीत वायरी, पट्टीची मागची बाजू, साठलेली धूळ, सगळं स्वच्छ दिसतं. वाजवताना ती बाजू वादकाच्या पोटाला टेकलेली असते.