ट्रॅकवरची पन्नाशी

अकोला-अमरावतीत सध्या कराओकेचं पीक जोमात आहे. गाणारे बहुतेक पन्नाशीपुढचे: बँकवाले, मास्तर, डॉक्टर. एका हातात माईक, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर शब्द, आणि इको इतका की खोकलाही घुमावा. परवा एका गृहस्थांनी 'अलबेला'तलं गाणं घेतलं. मधला म्युझिक पीस सुरू झाला तसं त्यांनी घोटभर पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि पडद्यावरच्या उलट्या मोजणीकडे बघत उभे राहिले.

राग आला तो तिथे. १९५१च्या त्या चित्रपटात संगीतकार सी. रामचंद्रांच्या पाठीशी चिक चॉकलेट होता. म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा अंतोनियो वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा ट्रंपेटवाला. तीच धून रोज नव्यानं मोडायची सवय असलेल्या वादकांचं ते संगीत, आणि आपण ते गातो तयार ट्रॅकवर गोठवून.

  

जॅझचा स्वभाव वऱ्हाडाला मात्र परका नाही. आष्टगावच्या भीमराव पांचाळेंची गझल मैफल आठवा. शेराची पहिली ओळ एकदा येते, पुन्हा येते, तिसऱ्यांदा एखाद्या शब्दावर रेंगाळते. शब्द तेच, पण वजन सरकलेलं. काफिया, म्हणजे यमक, सगळ्यांना कळून चुकलेला असतो, तरी गायक तो हातचा राखून ठेवतो. तबला दबा धरून बसतो. मग ओळ पडते, दाद उसळते आणि त्या दादेवर पुढचा शेर किती ताणायचा ते ठरतं. मोझरीच्या भजनात तुकडोजी महाराजांची खंजिरीही अशीच, माणसांचा दम बघून चढणारी. ट्रॅकला दाद ऐकू येत नाही. अंतरा चुकला तरी तो थांबत नाही.

आणि गाणाऱ्यांचं हे वय! सुरेश भटांचा 'एल्गार' हा गझलसंग्रह आला १९८३ साली, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. जॅझवाल्या लुई आर्मस्ट्राँगचं 'हॅलो डॉली' १९६४ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा त्याची साठी उलटलेली, आवाज खरखरीत. पन्नाशीत दम कमी पडतो, पण थांबायचं कुठे ते कळू लागतं. ट्रॅक नेमकं तेच थांबणं काढून घेतो आणि आपल्याला विशीतल्या किशोरकुमारची नक्कल करायला लावतो. म्हणे, आनंदासाठी गातो. मग घरी गा की! पास, निवेदिका, शाल-श्रीफळ कशाला?

आयोजक म्हणतात, "भाऊ, ट्रॅक फुकटात भेटून रायला, मंग तबल्यावाला कायले पाह्यजे?" शालींचा, एलईडी पडद्याचा खर्च निघतोच ना? त्यातून एक तबलजी आणि एक पेटीवाला बसवा. ते चुकतील, तुम्हीही चुकाल, एकमेकांना सावरताना अंतरा लांबेल. वेळ कमी पडला तर निवेदिकेची शेरोशायरी कापा.