एम.ए. इंग्रजीचा फॉर्म आणि एक पुस्तक

लातूरची आपली पोरं विचारतात, "चळवळ करायची तर एम.ए. इंग्रजी कशाला? शेक्सपिअर घेऊन काय करायचं?" मी म्हणतो, नांदेड विद्यापीठाचा फॉर्म भराच. पण आधी जनार्दन वाघमारेंचं 'अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती' वाचा. 1978चं पुस्तक. वाघमारे सर इंग्रजीचे प्राध्यापक, 1970ला निघालेल्या लातूरच्या शाहू कॉलेजचे प्राचार्य, 1994ला याच नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. एवढं इंग्रजी शिकून त्यांनी मराठीत आणलं काय? साहेबाच्या कविता नव्हे, गुलामांच्या नातवंडांचं लेखन! त्याच्या आधी मिलिंदच्या म. ना. वानखेडेंनी फ्लोरिडाहून पीएच.डी. करून येऊन हीच वाट आपल्या लेखकांना दाखवलेली. 1972ला 'पँथर' हे नाव काही आभाळातून पडलं नाही.

तरी माझी तक्रार आहे. पुस्तक प्राध्यापकी आहे. काळ्यांचा संताप त्यात समजावून सांगितला जातो, अंगावर येत नाही. शिवाय 'नीग्रो' हा शब्द त्या लोकांनीच आता टाकून दिलाय, आपण 'हरिजन' टाकला तसा. संताप पाहिजे तर राईट, बाल्डविन मुळातून वाचावे लागतील. ते अभ्यासक्रमात नसतील तर वर्गात उभं राहून विचारा, का नाहीत?

आणि हो, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. ऐन वेळेला तहसीलच्या चकरा नकोत.