एकरूपता आणि राखण : प्रतिलेखनाच्या दोन संगणकीय साधनांविषयी

बोलीसंग्रहाच्या फायली दोन-तीन संगणकांवर बाळगणाऱ्या अभ्यासकाला प्रतींकडून दोन भिन्न कार्ये अपेक्षित असतात. सर्व ठिकाणचा पाठ एकरूप राहावा, हे एक. नष्ट झालेला पाठ पुन्हा हाती यावा, हे दुसरे. व्यवहारात दोहोंनाही ‘बॅकअप’ असेच म्हटले जाते, आणि साधनांच्या निवडीतील बराचसा घोटाळा या शब्दसंकरातून उद्भवतो. एकरूपता राखणारे साधन चुकून पुसलेली फाईल दुसरीकडेही तितक्याच निष्ठेने पुसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती (१९१९-१९६६) पाठभेदांच्या तुलनेवर उभी आहे. साऱ्या पोथ्या अखेरच्या लेखकाच्या पोथीशी जुळवून घेतल्या असत्या, तर संपादकांना तोलावयास काही उरलेच नसते.

अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांचे ‘आरसिंक’ (१९९६) हे एकमार्गी साधन होय. मूळ स्थानाकडून दुसऱ्या स्थानाकडे ते केवळ बदललेला भाग पाठविते. मात्र फाईल बदलली की नाही, हे ते प्रथमतः आकारावरून व फेरबदलाच्या वेळेवरून ठरविते. यूटीएफ-८ या लेखनपद्धतीत ऱ्हस्व व दीर्घ वेलांटी सारखेच तीन बाइट व्यापतात. तेव्हा ‘कि’चे ‘की’ केल्याने आकार बदलत नाही, आणि काही कारणाने वेळही तीच राहिली, तर दुरुस्ती मागेच राहते. आशय ताडून पाहणारा ‘चेकसम’ हा पर्याय संथ खरा; पण शुद्धलेखन तपासलेल्या संग्रहासाठी अधूनमधून तोच वापरणे इष्ट.

बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने पेनसिल्व्हानिया विद्यापीठात सिद्ध झालेले ‘युनिसन’ दुमार्गी आहे. मागील मेळाची स्थिती ते स्मरणात ठेवते, आणि एकच फाईल दोन्हीकडे बदलली असल्यास निर्णय स्वतः न घेता वापरणाऱ्यावर सोपविते. चांगल्या संपादकाचाच हा संयम! २.५२ पूर्वीच्या आवृत्त्यांत दोन्हीकडे जुळती आवृत्ती असावी लागे, हा दोष आता राहिलेला नाही.

देवनागरी नावांपाशी मात्र निराळाच पेच पडतो. ॲपलच्या जुन्या एचएफएस प्लस (१९९८) या फाईलव्यवस्थेत ‘वऱ्हाडी’मधील ‘ऱ’ हा ‘र’ आणि नुक्ता असा विघटित साठविला जातो. लिनक्सवर नाव जसे दिले तसेच राहते. डोळ्यांना एकच दिसणारे नाव आरसिंकला दोन भासते, आणि संग्रहात एकाच फाईलीची जुळी उभी राहतात. २०१७ साली मॅकवर आलेली एपीएफएस ही व्यवस्था दोन्ही रूपे एकच मानते. पण जुन्या डिस्कवरील संग्रह हलविताना आरसिंकचा ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय योजावा लागतो.

तेव्हा दोन संगणकांच्या मेळासाठी युनिसन आणि राखणीसाठी वेगळ्या डिस्कवर आरसिंक, अशी कामाची वाटणी ग्राह्य ठरते. ‘लिंक-डेस्ट’ या पर्यायाने तारीखवार प्रती ठेवता येतात व न बदललेल्या फायली पुन्हा जागा व्यापत नाहीत. अशा डिस्कवर मागील तारखांच्या प्रतींना हात लावू नये. ज्या निवेदकाची बोली टिपली तो हयात नसेल, तर ती टिपणी दुसऱ्यांदा करता येत नाही.