अमूर्त चित्र आणि आपली दृष्टी

अमूर्त चित्रकलेला आजच्या काळात काही प्रयोजन उरले आहे काय, हा प्रश्न आपल्या वाचकवर्गात बहुधा शंकेच्या रूपाने विचारला जातो. ज्या समाजाला माणूस म्हणून चित्रातही स्थान मिळाले नाही, त्याने चेहरा नसलेल्या चित्राचे कौतुक का करावे? ही शंका रास्त आहे. ‘तुम्हांला कला कळत नाही’ असे म्हणून तिची बोळवण करणारे समीक्षक आम्हांस मान्य नाहीत.

हिंगण्याला ज्या नागपूरचा शेजार आहे, त्याच नागपुरात २ नोव्हेंबर १९२४ रोजी वासुदेव गायतोंडे यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पदविका त्यांनी १९४८ मध्ये घेतली. आरंभी ते आकृती रंगवीत. पुढे आकृती गळून पडली. झेन विचाराची त्यांना ओढ होती. रंगाचे थर रुळाने व सुरीने चढवावेत, खरवडावेत, पुन्हा चढवावेत, अशी त्यांची रीत होती आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. ‘अमूर्त’ हे बिरुद त्यांना रुचत नसे. आपले चित्र ‘वस्तुनिरपेक्ष’ आहे, असे ते मानीत. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

झेनचे नाव निघाले की लेखक मंडळी ‘शून्य’ हा शब्द सढळ हाताने उधळतात. येथे पालीच्या अभ्यासकास थांबणे भाग आहे. पालीतील ‘सुञ्ञ’ म्हणजे आत्मा आणि आत्मीय यांनी रिकामे. कॅनव्हासवर माणूस नसणे हा त्याचा अर्थ नव्हे. सांचीच्या शिल्पांतील रिकामे आसनही अमूर्त नाही. ते कोणाचे, हे पाहणाऱ्यास ठाऊक असते.

जवळचा दाखला हवाच असेल तर तो विसुद्धिमग्गातील पृथ्वी-कसिणाचा घ्यावा. अरुणवर्णी मातीचे, एक वीत चार अंगुळे रुंदीचे, घोटून गुळगुळीत केलेले मंडल. त्यावर ना आकृती, ना प्रतीक. ते पूजेसाठी नसते, चित्त एका ठिकाणी ठेवण्यासाठी असते. गायतोंडे ध्यानाची साधने बनवीत होते, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांच्या १९७० नंतरच्या अनेक चित्रांत लिपीसारख्या खुणा दिसतात. वाचू जावे तर अक्षर हाती लागत नाही. आपली ‘सञ्ञा’ दिसेल त्याला तत्काळ नाव देते, आणि हे चित्र ते नाव टिकू देत नाही. पाहताक्षणीच नाव व पायरी ठरविणाऱ्या आपल्या देशात या अनुभवाला मोल आहे.

याच्या शेजारी नागपूरचेच सवी सावरकर ठेवून पाहावेत. गळ्यात मडके अडकविलेला त्यांचा अस्पृश्य न ओळखण्याची सवलत पाहणाऱ्यास देत नाही. तेथे ओळख पटणे हेच चित्राचे कार्य आहे, आणि अमूर्त चित्र ते कधीही करू शकणार नाही. हे बळ आम्ही थोर मानतो.

मात्र त्यावरून आपल्या वस्तीतून कलाशाळेत गेलेल्या मुलाने आयुष्यभर मडके आणि झाडूच रंगवावा, अशी अपेक्षा कोणी धरील तर तिला आमचा विरोध आहे. अशी अपेक्षा बाहेरून येते तशी आपल्यातूनही येते. इतरांनी रंग, अवकाश, मौन यांचा शोध घ्यावा आणि याने मात्र आपली जखम दाखवीत राहावे, ही विषयांची वाटणी जातीनेच केलेली आहे. त्याने नुसता निळा रंग लावला तर तो समाजाला विसरला, असा निकाल देण्यापूर्वी त्या निळ्याकडे थोडा वेळ पाहावे.

२०२१ मध्ये गायतोंडे यांचे एक चित्र लिलावात जवळजवळ ४० कोटी रुपयांना गेले, तेव्हा चर्चा झाली ती किमतीची. त्या आकड्याने प्रस्तुत प्रश्न सुटत नाही. उलट चित्र सामान्य डोळ्यांपासून आणखी दूर जाते. छापील पानावर तर त्याचे थर दिसतच नाहीत, एक सपाट डाग उरतो. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे त्यांची चित्रे आहेत. दिल्लीस जाणाऱ्या वाचकांनी ती मांडलेली आढळल्यास एकाच चित्रापुढे पाव तास उभे राहावे, आणि मग आमच्याशी खुशाल वाद घालावा.